ते मुद्दाम असे वागतात का?

प्रश्न : माझे पती ४१ वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी रात्री दुचाकीवरून येताना ते रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीला मागून धडकले. हेल्मेट नव्हते. मिरजेत शस्त्रक्रिया झाली, नऊ दिवस ते बेशुद्ध होते. आता चालतात, बोलतात, जुने सगळे आठवते. पण माणूस बदलला आहे. उठवल्याशिवाय उठत नाहीत, सांगितल्याशिवाय अंघोळ करत नाहीत आणि संध्याकाळी क्षुल्लक कारणावरून शिवीगाळ करतात, हाताला येईल ते फेकतात. गेल्या महिन्यात फेकलेला तांब्या आमच्या १२ वर्षांच्या मुलाच्या खांद्याला लागला. आमचे कृषी सेवा केंद्र आहे. तिथे येईल त्याला उधारीवर माल देऊन टाकतात. डॉक्टरांसमोर मात्र अगदी नीट बोलतात. त्यामुळे सासूबाईंना वाटते की मीच वाढवून सांगते. शिवाय ‘बाहेरचे काही’ असावे अशी त्यांना शंका आहे. नुकसानभरपाईचा दावा चालू आहे, पण तिथेही ‘माणूस तर धडधाकट दिसतो’ असे म्हणतात. ते मुद्दाम असे वागतात का? मी कसे वागावे? हे किती दिवस चालणार?

— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर :

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. तुम्ही वर्णन केलेले वागणे मेंदूला झालेल्या इजेतून येते. डोके वेगात असताना एकाएकी थांबते, तेव्हा आतला मेंदू पुढे सरकून कवटीवर आपटतो. कपाळामागे आणि कानशिलांच्या आतल्या बाजूला कवटीच्या तळाचे हाड खडबडीत आणि कंगोरेदार असते, म्हणून मार डोक्याच्या कोणत्याही बाजूला लागला तरी इजा वारंवार मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांत होते. शिवाय मेंदूभर पसरलेले सूक्ष्म तंतू ताणले जातात किंवा तुटतात आणि ही इजा साध्या सीटी स्कॅनमध्ये पुष्कळदा दिसतही नाही. हात, पाय आणि वाचा सांभाळणारे भाग वाचले, तर माणूस चालू-बोलू लागतो आणि घरच्यांना तो बरा झाल्यासारखा वाटतो.

मेंदूचा पुढचा भाग मनात आलेली ऊर्मी आवरतो, परिणामांचा अंदाज घेतो, समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव टिपतो आणि कोणी न सांगता कामाला सुरुवात करवतो. ही शेवटची गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. तुमचे यजमान सकाळी अंथरुणात पडून राहतात म्हणून आळशी ठरतात आणि संध्याकाळी तांब्या फेकतात म्हणून तापट ठरतात. प्रत्यक्षात आतून सुरुवात न होणे आणि आतून आवर न बसणे या एकाच इजेच्या दोन बाजू आहेत. आपल्यात काही बदलले आहे याची जाणीव होण्याची क्षमताही या इजेत कमी होऊ शकते. म्हणून ‘मी ठणठणीत आहे, तूच कटकट करतेस’ असे ते म्हणतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात, त्यांना खरोखर तसेच वाटत असते. पुरावे दाखवून त्यांना पटवण्याचा प्रयत्न केला तर बहुतेक वेळा भांडणच होते.

डॉक्टरांसमोर ते नीट का वागतात, हे मला सविस्तर सांगायचे आहे, कारण या एका गोष्टीमुळे तुमच्यावर अविश्वास दाखवला जात आहे. तपासणीची खोली शांत असते. तिथे एक माणूस एका वेळी एक प्रश्न विचारतो, उत्तरासाठी थांबतो आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळे संपते. काय करायचे, कधी करायचे, कुठे थांबायचे, हे सारे बाहेरून ठरवून दिलेले असते. म्हणजे जे काम त्यांचा मेंदू आता नीट करू शकत नाही, ते त्या खोलीत डॉक्टर करत असतात. संध्याकाळी सातच्या सुमाराला तुमच्या घरात याच्या नेमके उलटे असते. कुकरच्या शिट्ट्या, दूरदर्शनवरच्या मालिका, मुलाचे मोठ्याने पाठांतर, कोणीतरी दारात हाका मारत असते, आणि दिवसभर थकलेल्या मेंदूला या साऱ्यातून एक आवाज वेगळा काढून ऐकायचा असतो. मेंदूच्या इजेनंतरचा थकवा निरोगी माणसाच्या थकव्यासारखा नसतो; तो लवकर येतो, अकस्मात येतो आणि संताप त्याच्या मागोमाग येतो. तेव्हा डॉक्टरांसमोरचे नीट वागणे ढोंग ठरत नाही. त्यातून इतकेच कळते की भोवतालची मांडणी योग्य असेल तर ते आजही स्वतःला सावरू शकतात. पुढे मी जे सांगणार आहे, त्याचा पाया हाच आहे: त्यांना समजावण्यात किंवा शिक्षा करण्यात शक्ती घालवू नका, उद्रेकाच्या आधीचा अर्धा-पाऊण तास बदला.

मात्र त्याआधी वैद्यकीय बाजू तपासून घ्यावी लागेल. तुम्ही औषधांची नावे कळवलेली नाहीत. अशा रुग्णांना झटके (फिट) येऊ नयेत म्हणून लेव्हेटिरासिटॅम हे औषध मोठ्या प्रमाणावर दिले जाते आणि काही रुग्णांमध्ये त्यामुळेच चिडचिड आणि आक्रमकपणा वाढतो. ते चालू असेल तर न्यूरोलॉजिस्टना स्पष्ट विचारा. पण स्वतः होऊन एकही गोळी बंद करू नका, कारण एकाएकी बंद केल्यास झटके येण्याचा धोका असतो. झोप न होणे, डोकेदुखी, बद्धकोष्ठता, लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम कमी होणे, डोक्याला मार लागल्यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्यूटरी) ग्रंथीच्या कामात येणारा बिघाड, नैराश्य, यांपैकी कशानेही वागणे बिघडू शकते, आणि यातल्या बहुतेक गोष्टींवर उपाय आहे. वागणे पायरीपायरीने न बिघडता चार-आठ दिवसांत एकदम बिघडले, झोप फार वाढली, चालण्यात तोल जाऊ लागला, लघवीवरचे नियंत्रण सुटले किंवा उलट्या होऊ लागल्या, तर त्याला स्वभाव समजून थांबू नका, तातडीने न्यूरोसर्जनकडे न्या. मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेण्यात संकोच नको. प्रोप्रॅनोलॉलसारखी काही औषधे अशा उद्रेकांत उपयोगी पडतात. उलट नुसत्या गुंगीच्या गोळ्यांनी गोंधळ आणि चिडचिड वाढण्याचीही शक्यता असते, म्हणून मेडिकल दुकानातून परस्पर झोपेची गोळी आणून देऊ नका.

आता वही घाला. प्रत्येक उद्रेकानंतर, सगळे निवळल्यावर, चार ओळी लिहा: वेळ कोणती होती, लगेच आधी काय घडले, त्यांनी नेमके काय केले आणि त्यानंतर घरातल्यांनी काय केले. ‘रागावले’ असे लिहू नका. ‘पावणेआठला जेवायला बसताना मुलाने दप्तर ओढले, ते ओरडले, तांब्या फेकला, सगळे बाहेर गेले, ते एकटे जेवले’ असे लिहा. दोन-तीन आठवड्यांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसू लागतील, मग ती वेळ असेल, आवाज असेल, भूक असेल किंवा एखाद्या माणसाचे विशिष्ट वाक्य असेल. शेवटची ओळ गाळू नका, कारण कधी कधी उद्रेकानंतर मिळणारी शांतता किंवा नकोशा कामातून होणारी सुटका हीच त्या वागण्याला बळ देत असते, आणि हे त्यांच्याही नकळत घडते.

वहीतून काय निघेल ते निघो, संध्याकाळ बदलण्याची सुरुवात आजपासून करता येईल. दुपारी दोन ते चार त्यांना अंधाऱ्या, शांत खोलीत विश्रांती द्या. सायंकाळी सहाच्या सुमारास काही खायला द्या. त्यांचे जेवण इतरांच्या आधी, साडेसातला, दूरदर्शन बंद ठेवून होऊ द्या. मुलाचा अभ्यास त्या वेळेत दुसऱ्या खोलीत किंवा शेजारी होईल असे पाहा आणि पाहुण्यांना सकाळची वेळ द्या. बोलताना एका वेळी एकानेच बोलावे आणि वाक्य छोटे असावे. ‘काय करायचे आहे तुम्हाला?’ या मोकळ्या प्रश्नाने ते गोंधळतील. ‘आधी चहा की आधी अंघोळ?’ याचे उत्तर देणे सोपे जाईल. ‘असे का केलेत?’ हा प्रश्न तर घरातून हद्दपारच करा, कारण त्याचे उत्तर त्यांच्याजवळ नसते आणि उत्तर नसल्याची लाज संतापातूनच बाहेर पडते.

उद्रेक सुरू झालाच, तर त्या क्षणी शिकवण देऊ नका. आवाज खाली आणा, हातभर नव्हे, चांगले दोन-तीन पावलांचे अंतर ठेवा, त्यांचा दाराकडचा रस्ता अडवू नका आणि स्वतःलाही कोपऱ्यात सापडू देऊ नका. ‘मी पाच मिनिटांनी येते’ एवढे सांगून बाजूला व्हा आणि सांगितल्याप्रमाणे परत या. खांद्याला धरून शांत करण्याचा प्रयत्न प्रेमाचा असला तरी त्या वेळी स्पर्श धोक्यासारखा जाणवू शकतो. बरेचसे उद्रेक जसे झटकन चढतात तसे झटकन उतरतात. उतरल्यावर ते काही घडलेच नाही असे वागतील किंवा रडून माफी मागतील. दोन्ही वेळी झाल्या प्रकाराचा पंचनामा करत बसू नका. एकच वाक्य पुरे: ‘वस्तू फेकलेली चालणार नाही, राग आला की अंगणात जायचे.’ हे वाक्य घरातल्या सगळ्यांनी, सासू-सासऱ्यांनीही, त्याच शब्दांत म्हणावे. ‘अंगणात’ हा इशारा त्यांच्याशी सकाळी, मन शांत असताना ठरवून ठेवा, आणि ते स्वतः उठून बाहेर गेले तर त्याची दखल मोकळेपणाने घ्या. नीट वागल्याची नोंद कोणी घेत नाही आणि बिघडल्यावर मात्र सगळे घर जमते, हे अशा घरांत सर्रास घडते.

सकाळच्या सुस्तीवर बोलणी खाण्याने काही फरक पडत नाही, ठरलेल्या क्रमाने पडतो. भिंतीवर मोठ्या अक्षरांत वेळापत्रक लावा, मोबाइलवर गजर लावा आणि प्रत्येक काम लहान पायऱ्यांत मोडा. ठरलेल्या क्रमाचा उपयोग कसा होतो, याचे एक जुने उदाहरण सांगते. १८४८ साली अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना फिनिअस गेज या मुकादमाच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार डोक्याच्या माथ्यातून बाहेर पडली. तो वाचला, पण इतका बदलला की त्याचे परिचित ‘हा आता गेज राहिला नाही’ असे म्हणू लागले, अशी नोंद त्याचे डॉक्टर जॉन हार्लो यांनी करून ठेवली आहे. इथवरची गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. त्याने नंतर दक्षिण अमेरिकेत चिलीला जाऊन कित्येक वर्षे प्रवासी घोडागाडी हाकली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. ठरलेला मार्ग, ठरलेली वेळ, घोडे जुंपण्यापासूनची ठरलेली कामे, या रोजच्या शिस्तीने त्याला सावरले असावे असे काही अभ्यासकांचे मत आहे, आणि मला ते पटते. म्हणून यजमानांना दुकानापासून पूर्ण तोडू नका. सकाळी दहा ते बारा, गर्दी नसताना, पोत्यांची मोजणी किंवा माल लावून घेणे असे सुरुवात आणि शेवट असलेले काम द्या. खरिपाच्या तोंडावरची गर्दी आणि उधारीची वही ही दोन्ही मात्र त्यांच्यापासून दूर ठेवा. उधारी सासऱ्यांच्या सहीशिवाय नाही, असा नियम गिऱ्हाइकांनाही कळवा. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची मर्यादा कमी करून घ्या. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत दुचाकीची किल्ली त्यांच्या हाती पडू देऊ नका, आणि दारू एक घोटही नको, कारण इजा झालेल्या मेंदूला ती फार थोडीही जड जाते आणि झटक्यांचा धोका वाढवते.

तुमच्या घरी एक धोका आणखी आहे, तो स्पष्टच सांगते. डोक्याला मार लागलेल्या व्यक्तींमध्ये आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि तुमच्या दुकानात कीटकनाशके आहेत. ती कुलपात ठेवा, किल्ली सासऱ्यांकडे किंवा नोकराकडे असू द्या आणि घरात एकही बाटली ठेवू नका. ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशा अर्थाचे काही त्यांच्या तोंडून आले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ ही मोफत सेवा चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येते, आणि ती तुमच्यासाठीही आहे.

मुलाबद्दल माझे मत ठाम आहे. वडिलांचे वागणे आजाराचे आहे म्हणून त्याने मार सोसावा, असे होता कामा नये. ‘बाबांच्या मेंदूला जखम झाली आहे, ती बाहेरून दिसत नाही, ते ओरडतात त्यात तुझी चूक नसते, आणि त्यांना शांत करणे हे तुझे काम नाही’ हे त्याला याच शब्दांत सांगा. आवाज चढला की त्याने कोणत्या शेजाऱ्यांकडे जायचे ते ठरवून ठेवा आणि त्या शेजाऱ्यांनाही कारण सांगा. शाळेतल्या वर्गशिक्षकांच्या कानावर घाला. उद्रेक आवरेनासा झाला, शस्त्र हातात आले किंवा कोणाला इजा झाली तर ११२ वर फोन करा, आणि फोनवर ‘डोक्याला मार लागलेला रुग्ण आहे’ हे आधी सांगा. तुम्ही काही दिवस मुलाला घेऊन माहेरी राहिलात तर ते पतीला टाकणे होत नाही. तुम्ही सतत भीतीत जगत असाल, तर त्यांची काळजी घेण्याइतके बळ तुमच्यातही उरणार नाही.

सासूबाईंवर मी रागावणार नाही. ज्या मुलाला वाढवले तो डोळ्यांसमोर आहे आणि तरी तो नाही, हे दुःख त्यांना कुठेतरी ठेवायचे आहे. ते तुमच्या माथी ठेवणे किंवा बाहेरच्या बाधेवर ठेवणे त्यांना सोपे वाटते. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या, स्कॅनमधली इजा डॉक्टरांना त्यांच्यासमोर बोट ठेवून दाखवायला सांगा आणि वहीचे पान डॉक्टरांनी वाचून दाखवावे अशी विनंती करा. अंगारा लावल्याने त्यांना धीर येत असेल तर त्यावरून वाद नको. पण देवऋषाकडे नेऊन मारहाण, बांधून ठेवणे किंवा औषधे बंद करणे असे काही सुचवले गेले, तर तिथे थांबवा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे किंवा बांधणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

दाव्याबाबत, ‘धडधाकट दिसतो’ या युक्तिवादाने खचू नका. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की नुकसानभरपाई ठरवताना शरीराच्या अपंगत्वाची नुसती टक्केवारी पुरेशी नाही, त्या इजेमुळे त्या माणसाची कमावण्याची क्षमता किती गेली ते पाहायचे असते. तुमच्या वकिलांना न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून, म्हणजे मेंदूच्या कामांची चाचणी घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडून, लक्ष, स्मरण, नियोजन आणि आत्मनियंत्रण यांची तपशीलवार चाचणी करून घेण्याविषयी सांगा. ही चाचणी मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत होते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविकारांच्या राष्ट्रीय संस्थेत तपासणी आणि पुनर्वसन दोन्हीची सोय आहे. अपघातापूर्वीची आणि नंतरची दुकानाची खाती आणि तुम्ही लिहिलेली वही हीसुद्धा वकिलांना दाखवा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. मेंदूची आपसूक होणारी सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते, पुढे मंदावते, पण दोन वर्षांनंतरही ती पूर्ण थांबते असे नाही. ते अगदी पूर्वीसारखे होतील असे मी तुम्हाला सांगणार नाही, कारण नऊ दिवसांच्या बेशुद्धीनंतर तसे होण्याची शक्यता कमी असते. मात्र उद्रेकांची संख्या आणि तीव्रता कमी होणे हे वेगळे उद्दिष्ट आहे, आणि इजेला कित्येक वर्षे उलटल्यावरही घरातली मांडणी बदलून ते साधल्याची उदाहरणे आहेत. पहिले काही आठवडे उद्रेक किंचित वाढल्यासारखे वाटतील, कारण जुन्या सवयींना प्रतिसाद मिळेनासा होतो. तेवढ्यावरून प्रयोग सोडू नका. दोन महिने वही चालवा आणि मला पुन्हा लिहा. लिहिताना औषधांची नावे व मात्रा आणि वहीतल्या चार-पाच नोंदी जशाच्या तशा उतरवून पाठवा. संध्याकाळची घडी बदलूनही उद्रेक त्याच वेळी होत असतील, तर त्यामागे झटक्यांचा एखादा प्रकार किंवा औषधाची वेळ आहे का, हे न्यूरोलॉजिस्टकडून तपासून घ्यावे लागेल.